लूप कापायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? आधी खुणा कुठे पडतात ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन-दोन बारचे बरेच ड्रम लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे ड्रमचे छोटे तुकडे) आहेत, बहुतेक ९० बीपीएमचे, म्हणजे मिनिटाला ९० बीटचे. काही पॅकमधले, काही ड्रमरला बसवून स्वतः रेकॉर्ड केलेले. ते १०० च्या गाण्यात बसवायचेत आणि ठोके मागेपुढे करून नवे पॅटर्नही बांधायचेत. सध्या रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरता. एक मित्र म्हणतो एबलटनचं लाइव्ह घे, दुसरा म्हणतो रीसायकल या लूप कापायच्या प्रोग्रामशिवाय हे काम होतच नाही. शिवाय आत्तापर्यंत जे कापून पाहिलंत त्यात तुकड्यांच्या सांध्यावर टिक् टिक् येतेय, ती सॉफ्टवेअरमुळे का, असंही विचारलंय.

मी शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिच्यात बाकीचं उत्तर दडलंय. ती टिकटिक बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची नसते. कापायची खूण काही मिलिसेकंद उशिरा पडलेली असते. हे एकदा कानाने ओळखता आलं की कोणतं साधन घ्यायचं हा निर्णय फार सोपा होतो.

थोडा हिशेब करू. ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं (सॅम्पल) असलेल्या फाइलमध्ये ९० बीपीएमला एक बीट बरोबर २९,४०० सॅम्पलची. सोळाव्याचा, म्हणजे पाव बीटचा, एक तुकडा ७,३५० सॅम्पलचा. तोच लूप १०० वर वाजवला की दर सोळावा ६,६१५ सॅम्पलवर येतो. तुकड्याची लांबी तीच राहिली, जागा मात्र कमी झाली. म्हणजे पुढचा तुकडा सुरू होतो तेव्हा मागच्याचे ७३५ सॅम्पल, सुमारे १७ मिलिसेकंद, अजून वाजायचे असतात. उलट ८० वर गेलात तर दोन तुकड्यांमध्ये जवळपास २१ मिलिसेकंदांची फट पडते.

आता समजा स्नेअर ड्रमची खूण ३ मिलिसेकंद उशिरा पडलीय. काठी कातड्यावर आदळते तो क्षण या ३ मिलिसेकंदांत असतो. म्हणजे स्नेअरचं तोंड मागच्या तुकड्याच्या शेपटीत राहिलं आणि तुमच्या हाती आलेला स्नेअरचा तुकडा बोथट. ९० वर, मूळ क्रमात, हे कोणालाही ऐकू येणार नाही, कारण दोन्ही तुकडे सलग वाजतात आणि जोड बेमालूम बसतो. १०० वर मात्र आधी बोथट स्नेअर येतो आणि त्यानंतर साधारण १४ मिलिसेकंदांनी मागच्या तुकड्याच्या शेपटीतलं ते तुटकं तोंड वाजतं. हीच तुमची टिक्. ८० वर गेलात की क्रम उलटा होतो. आधी टिक्, मग शांतता, मग मुंडकं उडालेला स्नेअर. ठोक्यांचा क्रम बदललात तर ती शेपूट भलत्याच ठिकाणी टिकटिकते आणि दोष कुठला हेही कळेनासं होतं.

इथे एक गंमत बघण्यासारखी आहे. काही स्लायसर (लूप कापून वाजवणारी साधनं) मोनो पद्धतीने वाजतात, म्हणजे पुढचा तुकडा सुरू झाला की मागचा तिथेच गप्प होतो. अशा साधनात वरची टिक् १०० वर ऐकूच येणार नाही. मग माणूस म्हणतो, त्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिक येते, ह्यात येत नाही, हे चांगलं. खूण दोन्हीकडे तितकीच चुकलेली असते आणि स्नेअर दोन्हीकडे तितकाच बोथट. एकाने शेपूट दाबली एवढाच फरक. तुम्हाला मिळालेले दोन परस्परविरोधी सल्ले मला यातलेच वाटतात.

खूण उशिरा का पडते? यंत्राला ठोका दिसत नाही, बदल दिसतो. सगळ्यात साधी पद्धत आवाजाची ऊर्जा मोजते आणि ती एका मर्यादेवर गेली की खूण मारते. मर्यादा ओलांडली जाते तेव्हा ठोका सुरू होऊन गेलेला असतो. दुसऱ्या पद्धती वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त वजन देतात, किंवा एका क्षणाचा स्पेक्ट्रम आधीच्या क्षणाशी ताडून बघतात. ऑबिओ नावाचं मुक्त साधन आहे, त्यात या पद्धती नावानिशी निवडता येतात. एकच लूप दोन-तीन पद्धतींनी चालवून बघा, खुणा वेगवेगळ्या पडतात. हाय-हॅट ठळक असलेल्या लूपवर वरच्या फ्रिक्वेन्सीवाली पद्धत छान चालते. घसरत जाणाऱ्या बेस गिटारवर किंवा डग्ग्याच्या घुमाऱ्यावर कधीकधी मधेच खोट्या खुणा पडतात, कारण एकाच आघातात स्वर बदलत राहतो. घोस्ट नोट, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके, हवे म्हणून सेन्सिटिव्हिटी वाढवलीत की या खोट्या खुणांचीही गर्दी होते. यातून सुटका करणारा कोणताही स्लायडर मला आजवर भेटलेला नाही. हाताने दुरुस्ती करावीच लागते.

म्हणून साधन निवडताना माझी पहिली कसोटी हीच: खुणांची दुरुस्ती किती आरामात करता येते? सॅम्पलच्या पातळीपर्यंत झूम होतं का? एक खूण हलवली तर शेजारच्या जागेवर राहतात का? हाताने लावलेली खूण सेन्सिटिव्हिटी बदलल्यावर पुसली तर जात नाही ना? एकेक तुकडा सुटा ऐकता येतो का? मी प्रत्येक तुकडा सुटा वाजवते आणि लक्ष त्याच्या शेवटाकडे ठेवते, सुरुवातीकडे नाही. शेवटी बारीकशी टिक् आली की पुढच्या तुकड्याची खूण डावीकडे घ्यायची. सहसा १ ते ३ मिलिसेकंद पुरतात. बत्तीस तुकडे असे ऐकायला दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांनी पुढचे कित्येक तास वाचतात.

ग्रिडवर कापायचं की ठोक्यावर, हा यातलाच पोटप्रश्न. पॅकमधले लूप बहुतेक प्रोग्राम केलेले असतात. ते ग्रिडला चिकटून असतील तर बत्तीस समान भाग करणं सर्वांत जलद आणि स्वच्छ. पण तुम्ही ड्रमरकडून वाजवून घेतलेले लूप ग्रिडवर कधीही कापू नका. माणूस वाजवतो तेव्हा एखादा किक ग्रिडच्या ८ मिलिसेकंद आधी येतो, बॅकबीट (दुसऱ्या-चौथ्या बीटवरचा ठोका) किंचित मागे रेलतो. आधी आलेल्या किकचं तोंड ग्रिडच्या अलीकडे, म्हणजे मागच्या तुकड्यात गेलं. पुन्हा तीच टिक्. शिवाय ज्या रेलण्यासाठी ड्रमर बोलावला तेच हरवलं. सगळे लूप एकाच पद्धतीने कापायचा मोह होईल, तरी हे दोन ढीग आधीच वेगळे करा.

यातच एक बारीक गोष्ट आहे, जी फार कमी लोक तपासतात. ठोक्यावर कापलेले तुकडे मिडीत, म्हणजे कोणती नोट कधी वाजवायची याच्या नोंदीत, उतरतात तेव्हा त्यांची जागा मिडीच्या टिकमध्ये मोजली जाते. हा टिक म्हणजे वेळेचं लहान एकक, वरच्या टिक् आवाजाशी त्याचा संबंध नाही. एका बीटचे ९६० टिक असतील तर ९० बीपीएमला एक टिक ०.७ मिलिसेकंदांचा. ४८० असतील तर सुमारे १.४ चा. ९६ असतील तर जवळपास ७ मिलिसेकंदांचा, आणि तिथे प्रत्येक ठोका जवळच्या टिकवर सरकवला गेला तर तो साडेतीन मिलिसेकंदांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. शेकरच्या लूपमध्ये एवढं सरकणं माझ्या कानाला कळतं. तेव्हा जे काही वापराल त्याच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये हा आकडा बघून घ्या. एफएल स्टुडिओत तो टाइमबेस या नावाने असतो आणि वाढवता येतो. रीपरमध्ये मूळचाच ९६० असतो.

दुसरी कसोटी म्हणजे शून्याची चाचणी. कोणाचंही मत न विचारता कोणताही स्लायसर तुम्ही स्वतः पारखू शकता. मूळ लूप एका ट्रॅकवर ठेवा. तोच लूप स्लायसरने कापून, मूळ टेम्पोत, मूळ क्रमात दुसऱ्या ट्रॅकवर वाजवा आणि ऑडिओ म्हणून रेंडर करा. त्या रेंडरची फेज उलटी करून, म्हणजे लाट वरची खाली पालटून, मूळ लूपबरोबर एकत्र वाजवा. स्लायसरने आवाजाला हात लावला नसेल तर दोन्ही एकमेकांना पुरते खोडतात आणि मीटर हलत नाही. पहिल्या खेपेला बहुधा हलेल. लगेच साधनाला दोष देऊ नका. वेलॉसिटीने (नोट किती जोरात दाबली त्याने) आवाज कमी होतोय का, सॅम्पलरची, म्हणजे तुकडे नोटांवर वाजवणाऱ्या साधनाची, मूळ पातळीच खाली ठेवलेली आहे का, फिल्टर चालू आहे का, प्रत्येक तुकड्याला आपोआप फेड लागलाय का, टाइम-स्ट्रेच चालू राहिलंय का, हे एकेक करून बंद करा. सगळं बंद केल्यावरही प्रत्येक ठोक्याच्या तोंडाशी बारीक चरचर उरली तर मिडीच्या टिकच्या हिशेबामुळे जागा सरकतेय हे समजा. चरचर सगळीकडे सारखी असेल तर आत कुठेतरी आवाजावर प्रक्रिया होतेय. पुढे तुम्ही फेड किंवा फिल्टर मुद्दाम लावालच, पण कोणता बदल कुठून येतोय हे तेव्हा तुम्हाला ठाऊक असेल.

तिसरी कसोटी: कापल्यानंतर तुकडे राहतात कुठे? याचा धडा मला महागात पडला. काही वर्षांपूर्वी एका लांबलचक कामाचे सगळे ड्रम मी एका स्लायसर प्लगइनमध्ये बांधले होते. खुणा, फेड, प्रत्येक तुकड्याचा पिच, सगळं त्या प्लगइनच्या आत. नंतर कॉम्प्युटर बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आणि ते प्लगइन नव्या यंत्रावर उघडेना. मिडी शाबूत होती. कोणती नोट वाजते ते दिसत होतं, पण त्या नोटेवर काय होतं हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. तीन गाण्यांचे ड्रम कानाने ऐकून पुन्हा कापावे लागले. तेव्हापासून कापणं संपलं की त्याच दिवशी तुकडे सुट्या वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढते. नावात लूपचं नाव, मूळ बीपीएम आणि दोन आकडी क्रमांक. ज्या साधनातून तुकडे असे बाहेर काढता येत नाहीत ते मी प्रयोगापुरतं वापरते, कामात घेत नाही.

आता साधनांकडे वळू, आणि सुरुवात तुमच्याकडे जे आहे त्यापासून.

रीपरमध्ये डायनॅमिक स्प्लिट आहे. आयटम, म्हणजे टाइमलाइनवरचा ऑडिओचा ठोकळा, निवडून डी दाबा. तिथे ठोक्यांवर तुकडे पाडता येतात, तुकड्याची किमान लांबी ठरवता येते, आणि तुकडे चढत्या स्वरांवर मांडून त्यांचा मिडी आयटम करायचा पर्यायही तिथेच आहे. सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड ट्रान्झियंटच्या (ठोक्याच्या तोंडाच्या) वेगळ्या सेटिंगमध्ये सापडतात. तुमच्या कामाची खरी चीज मात्र तिसरीच आहे, आयटमचा टाइमबेस, म्हणजे टेम्पो बदलला की आयटमने कसं वागायचं ते ठरवणारी सेटिंग (एफएलच्या टाइमबेसहून ही वेगळी). कापलेल्या सगळ्या तुकड्यांना बीट्सवर, फक्त पोझिशन, हा टाइमबेस द्या आणि प्रोजेक्टचा टेम्पो ९० वरून १०० करा. प्रत्येक तुकडा आपापल्या बीटवर सरकतो, त्याचा आवाज मात्र जराही ताणला जात नाही. ९० चे लूप १०० वर नेणं हे तुमचं पहिलं काम इथेच झालं. त्यासाठी नवं काही विकत घ्यायची गरज नाही.

खुणांची दुरुस्तीही रीपरमध्ये सोपी आहे, कारण तिथे कापलेला आयटम म्हणजे मूळ फाइलवर ठेवलेली खिडकी. डावी कड मागे ओढली की कापून गेलेलं तोंड परत दिसतं. मात्र मागच्या तुकड्याची उजवी कडही तेवढीच मागे घ्या, नाहीतर तेच तोंड दोनदा वाजेल. टॅबने पुढच्या ठोक्यावर उडी, डोळ्याने खात्री, एसने तुकडा, अशी हाताने कापायची सवय लागली तर दोन बारच्या लूपला पाच मिनिटंही लागत नाहीत. घोस्ट नोटवाले लूप मी अजून असेच कापते.

रीपर कमी पडतं ते दुसऱ्या कामात, ठोके बोटांनी वाजवून नवे पॅटर्न शोधण्यात. त्याचा स्वतःचा सॅम्पलर, रीसॅम्पलोमॅटिक, एका खेपेला एक तुकडा सांभाळतो. बत्तीस तुकडे म्हणजे बत्तीस खिडक्या. होतं सगळं, पण हात अडखळतो.

लाइव्हची ताकद नेमकी इथे आहे. ऑडिओ क्लिपवर उजवी क्लिक करून नव्या मिडी ट्रॅकवर स्लाइस करा म्हटलं की प्रत्येक तुकडा ड्रम रॅकच्या एकेका पॅडवर जातो. मिडीत १२८ नोट असल्यामुळे एका वेळी जास्तीत जास्त १२८ तुकडे. प्रत्येक पॅडला स्वतःचा फिल्टर, रिव्हर्ब, चोक ग्रुप (एक वाजला की दुसरा गप्प). फक्त स्नेअरच्या तुकड्यांवर वेगळा कंप्रेसर लावायचा असेल तर याहून सरळ वाट मी पाहिलेली नाही. दुसरा रस्ता लाइव्हच्या सिम्पलर या सॅम्पलरच्या स्लाइस मोडचा, जो २०१५ साली ९.५ या आवृत्तीत आला. त्यात सगळे तुकडे एकाच खिडकीत राहतात, खुणा ओढून हलवता येतात, आणि वाजवायचे तीन प्रकार आहेत, मोनो, पॉली आणि थ्रू. थ्रूमध्ये दाबलेल्या तुकड्यापासून पुढचा लूप सलग वाजत जातो. नव्याने कापणाऱ्याला मी सांगेन की आधी सिम्पलरमध्ये खुणा दुरुस्त करा आणि मगच त्याचा ड्रम रॅक करा. थेट ड्रम रॅक केलात तर चुकलेली खूण दोन वेगवेगळ्या पॅडवर जाऊन दोनदा दुरुस्त करावी लागते.

लाइव्हमध्ये वॉर्प चालू असतं हे मात्र विसरू नका. वॉर्पने लूप १०० वर नेला तर आवाज ताणला किंवा आवळला जातो. बीट्स मोडमध्ये ड्रम बरे राहतात, पण ते कापणं नव्हे. ही दोन कामं लोक सर्रास एक समजतात. कापण्यात तुकड्याची जागा बदलते, आवाज तसाच राहतो. ताणण्यात आवाजच बदलतो. ड्रमला १० ते १५ टक्क्यांपर्यंतच्या टेम्पोबदलात मी कापणंच निवडते. त्यापलीकडे हळू जायचं असेल तर फटी ऐकू यायला लागतात, मग शेपट्या लांबवाव्या लागतात किंवा ताणण्याची मदत घ्यावी लागते.

रीसायकलबद्दल तुमच्या मित्राच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते इतिहासातलं. हा प्रोग्राम १९९४ साली प्रोपेलरहेडने काढला. तीच कंपनी २०१९ पासून रीझन स्टुडिओज या नावाने चालते. त्या काळी तुकडे हार्डवेअर सॅम्पलरला पाठवायला याचा उपयोग होत असे. लूप कापून टेम्पो बदलायचा हा विचार घराघरांत पोचला तो यामुळे आणि याच्या रेक्स फाइलमुळे. रेक्स फाइलमध्ये आवाज आणि खुणा एकत्र राहतात, म्हणून एकदा नीट कापलेला लूप दुसऱ्या प्रोग्राममध्ये खुणांसकट उघडतो. खूण हाताने लॉक करायची सोय यात पूर्वीपासून आहे, आणि तुकड्यांच्या शेपट्या लांबवून फटी भरायचीही. आज त्याच्याशिवाय काम होत नाही असं मात्र नाही. जुन्या रेक्स लूपचा साठा हाती आला असेल तर तो आपल्या यंत्रावर, आपल्या प्रोग्रामच्या आत्ताच्या आवृत्तीत उघडतो का हे आधी तपासा आणि उघडला तर तुकडे वेव्हमध्ये काढून ठेवा.

बाकीच्यांबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यासाठी अख्खं घर बदलण्याइतका फरक नाही. लॉजिकमध्ये २०२० च्या १०.५ पासून क्विक सॅम्पलर आहे. त्याचा स्लाइस मोड शिकायला फार सोपा, पण तो फक्त मॅकवर. क्युबेसमध्ये हिटपॉइंट्स आहेत. खुणांची दुरुस्ती तिथे शांतपणे करता येते, आणि एका लूपच्या खुणांवरून ग्रूव्ह काढून दुसऱ्याला लावता येतो, जे ड्रमरच्या लूपसाठी मोलाचं. एफएल स्टुडिओत फ्रूटी स्लायसर आणि स्लाइसेक्स असे दोन आहेत. पहिला झटपट कामाला, दुसऱ्यात तुकड्यागणिक फिल्टर आणि एन्व्हलपचा खेळ. रेनॉइज ज्यांना जमतं त्यांचं ड्रम लूप कापण्यावर निराळंच प्रभुत्व असतं, कारण तिथे तुकड्याचा क्रमांक आकड्यांत टाइप करून पॅटर्न लिहिला जातो. पण ती लिपी अंगवळणी पडायला वेळ लागतो. सेराटो सॅम्पल हे प्लगइन अख्ख्या गाण्यातून कॉर्ड किंवा गळ्याचा तुकडा शोधून पॅडवर वाजवायला सुरेख आहे. दोन बारच्या ड्रम लूपला त्याची ताकद वाया जाते.

फुकटातल्या दोन गोष्टी जरूर जवळ ठेवा. ऑडॅसिटीत समान अंतरावर लेबल टाकता येतात आणि मग लेबलनुसार सगळ्या फाइल एकदम एक्स्पोर्ट होतात. प्रोग्राम केलेल्या लूपचे बत्तीस तुकडे काढायला याहून वेगळं काही लागत नाही. निवडीच्या कडा शून्यावर, म्हणजे लाट मधली रेघ ओलांडते तिथे, आणायला झेड दाबायचं. दुसरं म्हणजे वर सांगितलेलं ऑबिओ. त्यातली ऑबिओकट ही आज्ञा कमांड लाइनवरून फाइल कापते, त्यामुळे शेकडो लूप एकदम कच्चे कापून ठेवता येतात. कच्चे म्हणते कारण ऐकून दुरुस्ती नंतर करावीच लागते.

शून्यावर कापलं की क्लिक येत नाही, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. अर्धंच खरं. स्टिरिओ फाइलमध्ये डावा चॅनल शून्यावर असतो तेव्हा उजवा असेलच असं नाही. शिवाय किकचा ५० हर्ट्झचा घुमारा चालू असताना वर हाय-हॅट वाजला आणि तुम्ही हाय-हॅटवर कापलंत, तर त्या लाटेची एक फेरी २० मिलिसेकंदांची असते. शून्यावर कापलं तरी लाट चढती होती की उतरती हे उरतंच, आणि पुढे दुसरा तुकडा जोडला की तिथे कोन पडतो. मी शून्याच्या मागे न लागता शेवटी ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड-आउट लावते. सुरुवातीला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास, त्याहून जास्त नाही, नाहीतर ठोक्याची धार जाते.

कापायच्या आधी फाइलची लांबी बघा, सॅम्पलमध्ये. ९० बीपीएमचे दोन बार म्हणजे ४४.१ ला २,३५,२०० सॅम्पल. आकडा तेवढाच आला तर लूप नीट छाटलेला आहे. हजारेक सॅम्पल जास्त निघाले तर तो कधीतरी एमपीथ्री होऊन आला असण्याची शक्यता मोठी, कारण एमपीथ्री करताना आणि उघडताना सुरुवातीला शांतता घातली जाते. ती २० मिलिसेकंदांच्या वर असू शकते. अशा फाइलवर ग्रिडने कापलं की प्रत्येक तुकड्यात मागच्या ठोक्याची शेपूट शिरते आणि पुढच्या ठोक्याच्या आधीच तुकडा संपतो. पुढची शांतता कापून, पहिला ठोका फाइलच्या अगदी सुरुवातीला आणून मगच कामाला लागा. तुमच्या पॅकमधल्या लूपमध्ये असे दोन-चार नक्की निघतील.

बेस किंवा कॉर्डचे लूपही कापावे का, असं तुम्ही ओझरतं विचारलंत. स्वर सुटे सुटे असतील, मधे दम असेल, तर कापा. स्वर एकमेकांत मिसळत असतील तर कापू नका. त्यांची आस तुकड्यागणिक तुटते आणि कितीही फेड लावले तरी ते श्वास लागल्यासारखे ऐकू येतात. त्यांना रीपरचे स्ट्रेच मार्कर, म्हणजे न कापता आवाज ताणायच्या खुणा, लावा. ड्रम आणि बेस एकाच फाइलमध्ये अडकले असतील तर डेमक्ससारख्या साधनाने ड्रम वेगळे काढता येतात. पण वेगळे काढलेले ड्रम थोडे पुसट होतात, म्हणून मी त्यांचा उपयोग खुणा शोधायला करते आणि त्या खुणांवर कापते मूळ फाइलच.

तेव्हा तुमच्यापुरतं उत्तर असं. टेम्पो बदलायचं सगळं काम रीपरमध्येच करा. आधीच कापलेल्या लूपच्या खुणा एकेक ऐकून डावीकडे घ्या, टिकटिक गेली की नाही ते १०० आणि ८० अशा दोन्ही टेम्पोंवर ऐका. मग लाइव्हची चाचणी आवृत्ती उतरवा आणि दुरुस्त केलेल्या तुकड्यांपैकी एकच लूप ड्रम रॅकमध्ये घालून तासभर बोटांनी वाजवा. त्या तासात रीपरमध्ये सुचले नसते असे दोन-तीन पॅटर्न हाताला लागले तर घ्या. नाही लागले तर तुमची कामाची पद्धत टाइमलाइनवर बघून रचण्याची आहे, आणि त्यासाठी रीपर पुरेसं आहे. रीसायकल तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या लूपवर शून्याची चाचणी केल्यावर मीटर कुठे थांबलं आणि चरचर ठोक्यांच्या तोंडाशी होती की सगळीकडे, एवढं कळवलंत तर पुढचं मी नेमकं सांगू शकेन.